ऑफशोअरला काम कसं मिळतं आणि तिथून पुढे करिअर कुठवर जातं

ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेल-गॅसच्या कामाला, जायचंय म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "कुठला कोर्स करू?" आणि बघा, गडबड इथूनच सुरू होते, कारण ऑफशोअर हा एक जॉब नाहीये. समुद्रात उभ्या असलेल्या त्या रिगवर शे-दीडशे माणसं असतात, त्यात विहीर खोदणारे असतात, क्रेन चालवणारे, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, नर्स, रेडिओ ऑपरेटर, स्वयंपाकी, कधी डायव्हर पण, आणि यातल्या प्रत्येकाचा तिथे पोचायचा रस्ता वेगळा असतो. त्यामुळे आधी हे ठरवायचं की तिथे जाऊन मी नेमकं काय काम करणार, आणि कोर्सचं मग बघायचं. क्रम उलटा झाला की पैसे खर्च होतात, सर्टिफिकेट फाईलला लागतं आणि कॉल काही येत नाही, असे कितीतरी जण आहेत आणि त्यांच्या कष्टाबद्दल मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, की रिगवरची सगळी माणसं एका कंपनीची नसतात. ज्या कंपनीकडे तिथलं तेल काढायचा हक्क असतो ती ऑपरेटर, म्हणजे शेल, बीपी, इक्विनॉर, पेट्रोब्रास वगैरे. पण विहीर खोदायची रिग सहसा तिची नसते, ती ड्रिलिंग काँट्रॅक्टरची असते, उदाहरणार्थ ट्रान्सओशन, व्हॅलारिस, नोबल, आणि ती दिवसाच्या भाड्याने घेतलेली असते. मग त्याच रिगवर सर्व्हिस कंपन्यांची माणसं येतात, एसएलबी, हॅलिबर्टन, बेकर ह्यूज यांची, कोणी सिमेंटिंग करतं, कोणी विहिरीत सेन्सर सोडून दगडांची माहिती काढतं, कोणी मड, म्हणजे विहिरीत फिरवायचा जड चिखल, सांभाळतं. त्यांच्याखाली परत केटरिंगवाले, स्कॅफोल्डिंगवाले, इन्स्पेक्शनवाले, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सी. डीपवॉटर होरायझन या रिगचंच घ्या, २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात स्फोट झाला तेव्हा रिगवर १२६ माणसं होती, विहीर बीपीची, पण १२६ पैकी ७९ जण ट्रान्सओशनचे होते आणि बीपीची स्वतःची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. नवीन माणूस मात्र अर्ज करतो तो नेमका बीपी-शेललाच, कारण नावं तीच माहीत असतात. मोठ्या ऑपरेटरकडे थेट एंट्री आहे, नाही असं नाही, पण ती मुख्यतः इंजिनिअर-जिऑलॉजिस्ट ग्रॅज्युएट आणि ट्रेनी टेक्निशियनसाठी, जागा थोड्या आणि स्पर्धा भयंकर. बाकीच्यांसाठी दार काँट्रॅक्टरचंच.

रिगचे प्रकार पण थोडक्यात माहीत असू द्या, मुलाखतीत विचारतात. उथळ पाण्यात, साधारण १२० मीटरपर्यंत, जॅकअप चालते, तिचे पाय खाली समुद्राच्या तळावर टेकतात आणि सांगाडा पाण्याच्या वर उचलला जातो. त्यापेक्षा खोल गेलं की तरंगणारी सेमी-सबमर्सिबल किंवा ड्रिलशिप. तेल मिळाल्यावर ते वर्षानुवर्षं काढत राहायचं तर त्यासाठी प्लॅटफॉर्म, किंवा एफपीएसओ म्हणजे तेल वेगळं करून पोटात साठवणारं जहाजच. १९४७ मध्ये लुइझियानाच्या किनाऱ्यापासून दूर, जमीन दिसत नाही इतक्या अंतरावर पहिली यशस्वी विहीर खोदली गेली तेव्हा पाणी जेमतेम ६ मीटर होतं, आणि आज मेक्सिकोच्या आखातातला पर्डिडो प्लॅटफॉर्म जवळपास २,४५० मीटर पाण्यावर उभा आहे. खोली वाढली तसे सबसी म्हणजे समुद्रतळावरच्या यंत्रणेचे इंजिनिअर, आरओव्ही (पाण्याखालचा रोबो) पायलट, डीपी ऑपरेटर (जहाज एका जागी धरून ठेवणारे) असे नवे ट्रेड तयार झाले.

आता ड्रिलिंगची शिडी बघू, कारण कमी शिक्षणावर सुरुवात करून वरपर्यंत जाता येतं असा हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. सगळ्यात खाली रोस्टअबाउट, डेकवर सामान हलवायचं, क्रेनला स्लिंग लावायचे, रंग खरवडायचा, साफसफाई. मग रफनेक किंवा फ्लोअरहँड, तो ड्रिल फ्लोअरवर. मग डेरिकमन, असिस्टंट ड्रिलर, ड्रिलर, टूलपुशर (ड्रिलिंग क्रूचा प्रमुख), आणि सगळ्यात वर ओआयएम, म्हणजे त्या आख्ख्या इन्स्टॉलेशनची जबाबदारी ज्याच्यावर तो मॅनेजर. रोस्टअबाउट ते ड्रिलर व्हायला बरीच वर्षं जातात आणि मधे मंदी आली तर अजून. पण खरंच असे ओआयएम आहेत जे एकेकाळी डेकवर ब्रश घेऊन उभे होते, आणि त्यांच्या हाताखाली काम करायला मिळालं तर नशीब समजा, कारण खालच्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे त्यांना आतून माहीत असतं.

फ्लोअरवरचं काम कसं असतं ते एकदा नीट बघा म्हणजे आपल्याला झेपेल का ते कळेल. समजा विहिरीच्या तळाशी बिट, म्हणजे पाईपच्या टोकाचं खोदायचं पातं, झिजला. तो बदलायचा तर पाईपची आख्खी लाईन वर काढावी लागते, याला ट्रिपिंग म्हणतात. ड्रिल पाईपचा एक जॉइंट साधारण ३० फुटांचा, तीन जॉइंट जोडलेले ठेवतात तो एक स्टँड, म्हणजे ९० फूट. ड्रिलर लाईन वर ओढतो, फ्लोअरवाले स्लिप्स बसवतात म्हणजे खालचा पाईप जागेवर पकडला जातो, जॉइंट सोडवतात, वरचा स्टँड बाजूला उभा करतात, वर डेरिकमन मंकी बोर्डवर, म्हणजे मनोऱ्यावरच्या फळीवर, उभा राहून त्या स्टँडचं वरचं टोक ओढून खाचेत अडकवतो, की परत पुढचा. विहीर ५,००० मीटरची असेल तर १८० पेक्षा जास्त वेळा हेच, आणि नवा बिट लावून खाली जाताना परत तेवढंच. पाऊस असो, रात्रीचे तीन असोत, अंगावर मड उडत असो, काम चालूच. नवीन रिग्जवर आयर्न रफनेक नावाचं मशीन जॉइंट सोडवतं-आवळतं, पाईप हलवायला पण मशीनं आलीत, त्यामुळे बोटं जाण्याचे प्रकार घटलेत, पण जुन्या रिगवर हे अजून बऱ्यापैकी हातानेच चालतं. ताकद लागतेच, पण त्याहून जास्त लागतं ते लक्ष, शंभराव्या स्टँडलाही पहिल्यासारखंच, आणि हात कुठे ठेवायचा नाही हे कायम डोक्यात.

असिस्टंट ड्रिलर आणि त्याच्या वर जायचं तर वेल कंट्रोलचं सर्टिफिकेट लागतं, आयडब्ल्यूसीएफ किंवा आयएडीसी या संस्थांचं. विषय थोडक्यात असा, की जमिनीखालच्या दगडांमध्ये तेल-गॅस-पाणी प्रचंड दाबाखाली असतं आणि त्याला विहिरीतल्या मडच्या वजनाने दाबून ठेवलेलं असतं. मड कमी वजनाचं पडलं की खालचं द्रव आत शिरतं, याला किक म्हणतात, आणि ती वेळेत ओळखून विहीर बंद केली नाही तर ब्लोआउट, म्हणजे विहीर बेकाबू होऊन उसळते. वर परत येणारं मड थोडंसं जास्त यायला लागलं, पंप बंद केला तरी प्रवाह थांबेना, टाकीतली पातळी वाढतेय, अशा छोट्या खुणा असतात. ड्रिलरच्या खुर्चीचं वजन यातच आहे, त्याने खूण बघून विहीर बंद केली आणि नंतर कळलं की काहीच नव्हतं, तरी त्याला कोणी बोल लावता कामा नये.

ड्रिलिंग नको असेल तर ट्रेडवाल्यांसाठी जागा खूप आहेत आणि माझ्या मते ज्याच्या हातात आधीच हुनर आहे त्याने रोस्टअबाउटच्या लाईनीत उभं राहूच नये. वेल्डर, फिटर, रिगर, स्कॅफोल्डर, क्रेन ऑपरेटर, इलेक्ट्रिकल-इन्स्ट्रुमेंटवाले, डिझेल मेकॅनिक, हे सगळे जमिनीवर दोन-चार वर्षं नीट काम करून मग जातात. जमिनीवर म्हणजे कुठेही नाही, शक्यतो रिफायनरी, गॅस प्लांट, केमिकल प्लांट, शिपयार्ड. का, तर तिथे परमिट सिस्टिम, म्हणजे धोक्याच्या कामाला आधी लेखी परवानगी असते, गॅस टेस्ट असते, आयसोलेशन, म्हणजे काम करायच्या मशीनचा वीज-गॅस पुरवठा तोडून ठेवणं असतं, आणि ऑफशोअरवाल्यांना तुमच्या सीव्हीत हेच शब्द शोधायचे असतात. रिफायनरीच्या शटडाउनला, म्हणजे देखभालीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा, मोठ्या संख्येने माणसं घेतात, तो अनुभव सोन्यासारखा आहे. इलेक्ट्रिकल-इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी स्फोटक वातावरणातल्या उपकरणांचं ट्रेनिंग घ्यावं, कॉम्पेक्स हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. उंचीची भीती नसेल तर रोप ॲक्सेस, म्हणजे दोराला लटकून करायचं काम, बघा, इराटा या त्यातल्या संस्थेची लेव्हल १ काही दिवसांच्या ट्रेनिंगनंतर परीक्षा देऊन मिळते, लेव्हल २ ला किमान १२ महिने आणि १,००० तास दोरावरचे लॉग झालेले लागतात. पण नुसत्या दोराला कोणी विचारत नाही, दोर हे फक्त कामाच्या जागी पोचायचं साधन आहे, सोबत वेल्डिंग, पेंटिंग किंवा एनडीटी इन्स्पेक्शन (वस्तू न तोडता आतले दोष तपासणं) येत असेल तर मागणी, आणि दोर अधिक एनडीटी ही जोडी कायम चालते.

प्रॉडक्शनची बाजू वेगळी. तिथे प्रोसेस ऑपरेटर म्हणून सुरुवात, मग कंट्रोल रूम ऑपरेटर, मग प्रॉडक्शन सुपरवायझर, मग तिथलाही ओआयएम. केमिकल प्लांटमधले ऑपरेटर इथे छान बसतात. प्लॅटफॉर्म वीस-तीस वर्षं चालतो त्यामुळे ड्रिलिंगपेक्षा ही नोकरी जास्त स्थिर, ज्याला घरचं सगळं आखून चालायचंय त्याला मी हीच लाईन सुचवेन.

मर्चंट नेव्हीवाल्यांसाठी सप्लाय बोटी, अँकर हँडलर (रिगचे नांगर हलवणारी जहाजं), आणि डीपी ऑपरेटरचं काम, म्हणजे कॉम्प्युटर आणि थ्रस्टर वापरून जहाज नांगर न टाकता एका जागी धरून ठेवायचं. इलेक्ट्रॉनिक्स-हायड्रॉलिक्स येणाऱ्यांना आरओव्ही, म्हणजे पाण्याखालचा रोबो चालवायचा आणि बिघडला की स्वतःच दुरुस्त करायचा. डायव्हिंगबद्दल तर वेगळंच लिहावं लागेल, साधारण ५० मीटरपर्यंत एअर डायव्हिंग, त्याखाली सॅचुरेशन, ज्यात डायव्हर जहाजावरच्या प्रेशर चेंबरमध्ये आठवडे राहतात, तिथूनच बेल नावाच्या बंद कोठडीतून खाली कामाला जातात आणि शेवटी बाहेर यायचं तर नुसतं डीकॉम्प्रेशन कित्येक दिवस चालतं. पैसे चांगले, पण घरून काही निरोप आला तरी लगेच दार उघडून निघता येत नाही, हे जाणून जा.

इंजिनिअरिंग झालेल्यांसाठी नेहमीचं दार म्हणजे सर्व्हिस कंपनीत फील्ड इंजिनिअर. इथे सुरुवातीला ठरलेलं रोटेशन (इतके दिवस काम, इतके दिवस घरी) असेलच असं नाही, फोन आला की निघायचं, बेसवर परत आलं की टूल धुवायचे, तपासायचे, रिपोर्ट लिहायचे, परत फोन. पहिली दोन-तीन वर्षं फार दमवणारी जातात आणि बरेच जण सोडतात. पण जे टिकतात त्यांना इतक्या वेगवेगळ्या रिग आणि विहिरी बघायला मिळतात की नंतर ऑपरेटरकडे ड्रिलिंग इंजिनिअर, वेलसाइट सुपरवायझर, म्हणजे ज्याला रिगवर कंपनी मॅन म्हणतात, तिथपर्यंत रस्ता उघडतो.

आता सर्टिफिकेट. जवळपास सगळ्यांना लागणारं म्हणजे बोसिएट, ओपिटो नावाच्या संस्थेच्या स्टँडर्डचा सेफ्टीचा कोर्स, ३ दिवसांचा, ४ वर्षं चालतो, मग १ दिवसाचा रिफ्रेशर. त्यात आग विझवणं, फर्स्ट एड, लाइफबोट आणि ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते ह्यूएट, म्हणजे पाण्यात बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडणं. स्विमिंग पूलवर हेलिकॉप्टरचा डबा टांगलेला असतो, सूट घालून बेल्ट लावून बसायचं, डबा पाण्यात उतरतो, पाणी गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत येतं, आणि मग तो उलटा होतो. खऱ्या हेलिकॉप्टरचं पण असंच होतं कारण इंजिन-गिअरबॉक्सचं वजन सगळं वर असतं. एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा बकलवर. हालचाल थांबेपर्यंत थांबायचं, आधी खिडकी ढकलून काढायची आणि मगच बेल्ट सोडायचा. घाबरलेला माणूस बेल्ट आधी सोडतो, मग अंग तरंगायला लागतं, वर-खाली कळेनासं होतं आणि खिडकी हाताला लागत नाही. खिडकीवरचा हात सोडला नाही तर पोहता न येणारा माणूसही यातून नीट बाहेर पडतो, डायव्हर बाजूला उभे असतात, तेव्हा यासाठी मागे हटू नका.

शिवाय मेडिकल. ब्रिटनच्या हद्दीत ते २ वर्षांनी करावं लागतं, आणि २०१५ पासून तिथे हेलिकॉप्टरने जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यांची रुंदी पण मोजतात, २२ इंच किंवा जास्त भरली तर मोठ्या खिडकीजवळच्या ठरावीक सीटवरच बसायचं. प्रत्येक भागाचे नियम वेगळे, म्हणून माझं स्पष्ट मत, ज्या भागात आणि ज्या कंपनीत अर्ज करताय तिथे नेमकं काय चालतं ते विचारल्याशिवाय एकाही कोर्सचे पैसे भरू नका. बऱ्याच कंपन्या निवड झाल्यावर कोर्स स्वतःच्या खर्चाने करून देतात, आणि आधीच करून ठेवलेल्या कोर्सची मुदत नोकरी शोधण्यातच संपून जाते.

पहिल्यांदा गेल्यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे परमिट. साधी ग्राइंडिंग करायची तरी परमिट, टाकीत शिरायचं तर परमिट, आणि नवीन माणसाला वाटतं कसली ही कागदं. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर काय झालं ते त्याला सांगायला हवं. तिथे कंडेन्सेटचे, म्हणजे गॅसमधून निघणाऱ्या हलक्या द्रव इंधनाचे, दोन पंप होते. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसाच्या शिफ्टने तपासणीसाठी काढला होता, काम संध्याकाळपर्यंत संपलं नाही म्हणून त्या जागी नुसती प्लेट लावून ठेवली. रात्री दुसरा पंप बंद पडला आणि सुरूच होईना. रात्रीच्या शिफ्टला पहिल्या पंपाच्या देखभालीचं परमिट दिसलं, त्याचं काम अजून सुरू झालेलं नव्हतं म्हणून त्यांना वाटलं पंप वापरता येईल, पण व्हॉल्व्ह काढल्याचं परमिट वेगळं होतं आणि ती गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. पंप सुरू केला, प्लेटमधून गॅस सुटला, स्फोट झाला, आणि १६७ माणसं गेली. नंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून १०६ शिफारशी आल्या आणि ब्रिटनमधली ऑफशोअर सेफ्टीची आख्खी पद्धत बदलली. म्हणून शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला तोंडी आणि लेखी दोन्ही सांगायचं, काय अर्धवट राहिलंय ते आधी. आणि काही चुकीचं वाटलं तर काम थांबवायचा अधिकार पहिल्या दिवशी आलेल्या रोस्टअबाउटलाही असतो. बऱ्याच ठिकाणी नवख्यांना वेगळ्या रंगाचं हेल्मेट देतात ते यासाठीच, की बाकीच्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवावं. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका, मनात येईल ते विचारा, त्या काळात विचारलेल्या प्रश्नाला कोणी हसत नाही.

राहणीमान म्हणाल तर १२ तासांची शिफ्ट, रोज, सुट्टी नाही, मग सलग घरी. दोन आठवडे-दोन आठवडे, तीन-तीन, चार-चार अशी रोटेशन असतात, नॉर्वेत २ आठवडे काम आणि ४ आठवडे सुट्टी. दारू अजिबात नाही, ड्रग टेस्ट कधीही. मोबाईल बाहेरच्या भागात नेता येत नाही कारण ठिणगीचा धोका. केबिन शेअर करावी लागते आणि तुमचा जोडीदार रात्रपाळीचा असेल तर तो झोपलेला असताना गुपचूप वावरायचं, ही बारीक गोष्ट ज्याला जमते तो क्रूला पटकन आवडतो. घरच्यांशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्या, सण, आजारपण, मुलांच्या परीक्षा यातलं अर्धं चुकणार हे धरूनच चाला. घरी राहिलेल्या माणसावर पडणारा भार हा या नोकरीचाच भाग आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पैसा चांगला असतो हे खरं, पण तो सरळ रेषेत येत नाही. काँट्रॅक्टवरच्या माणसाला बऱ्याचदा रिगवर असलेल्या दिवसांचेच पैसे मिळतात. आणि तेलाचा भाव पडला की सगळ्यात आधी ड्रिलिंग थांबतं. २०१४ च्या मध्यात बॅरलला १०० डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं, आणि २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेतला डब्ल्यूटीआय या तेलाचा वायदा शून्याच्याही खाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्या प्रत्येक वेळी उत्तम काम करणारी माणसं घरी बसली, त्यांची काही चूक नसताना. म्हणून पहिल्या वर्षाच्या पगारावर मोठं कर्ज घेऊ नका, आधी सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा.

फसवणुकीबद्दल. ऑफशोअरच्या नावाने खोट्या ऑफर भरपूर फिरतात. मुलाखतच नाही आणि थेट नेमणूकपत्र, नाव मोठ्या कंपनीचं पण ईमेल फुकटच्या सर्व्हिसचा, पगार अशक्य वाटेल इतका, आणि शेवटी व्हिसा, मेडिकल किंवा प्रोसेसिंगसाठी आधी पैसे पाठवा. खरी कंपनी नोकरी द्यायला उमेदवाराकडून पैसे मागत नाही. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर जाऊन तिथल्या नंबरवर स्वतः विचारा, पत्रात दिलेल्या नंबरवर नको.

सीव्हीत "कोणतंही काम करायला तयार" असं लिहू नका, त्याने भरती करणाऱ्याला काहीच कळत नाही. एक ट्रेड, किती वर्षं, कुठल्या प्लांटवर, कुठली उपकरणं हाताळली, सर्टिफिकेटची मुदत कधीपर्यंत, मेडिकल कधीपर्यंत, एवढं पहिल्या पानावर दिसलं पाहिजे.

तेल किती वर्षं चालणार हा प्रश्न तरुण मुलं विचारतात आणि तो रास्त आहे. जुने प्लॅटफॉर्म मोडायचं काम वाढतंय, त्याला रिगर, क्रेनवाले, डायव्हर, विहिरी कायमच्या बंद करणारे लागतात. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर पण हेच ट्रेड लागतात, फक्त तिथे जीडब्ल्यूओ या पवनऊर्जा क्षेत्रातल्या संस्थेचं ट्रेनिंग वेगळं. केबल, हायड्रॉलिक्स, उंचीवरचं काम, लिफ्टिंग, डीपी जहाजं, हे सगळं तिकडे जसंच्या तसं चालतं, उलट फक्त विहिरीशीच बांधलेल्या कामांना, म्हणजे मड किंवा डिरेक्शनल ड्रिलिंगला (विहीर हव्या त्या दिशेला वळवत खोदणं), तिकडे थेट जागा नाही, त्यांना भूऔष्णिक विहिरी किंवा कार्बन जमिनीत साठवायचे प्रकल्प बघावे लागतील. ट्रेड निवडतानाच हा विचार करा.

आणि पहिल्या ट्रिपपासून एक वही ठेवा. तारखा, रिगचं नाव आणि प्रकार, पाण्याची खोली, कुठली मशीनं चालवली, कोणाच्या हाताखाली काम केलं, आणि जमलं तर सुपरवायझरची सही. कंपन्या विकल्या जातात, विलीन होतात, रिग भंगारात जातात, आणि पाच वर्षांनी प्रमोशनला किंवा दुसऱ्या देशात अर्ज करताना अनुभवाचा पुरावा मागितला की जुन्या ऑफिसात फोन उचलायलाही कोणी नसतं.